मदत हवी आहे: रवणीला बसलेली टर्की आणि कुंपणाशी कोयोटी

मंडळी, आम्ही मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला राहतो. 1972-73 मध्ये न्यूयॉर्कहून आणून इथे 37 रानटर्की सोडल्या, त्यांचाच आताचा हा गोतावळा. मागच्या झुडपात, ओकच्या बुंध्याशी एक मादी रवणीला बसली आहे. 11 अंडी होती. काल सकाळी 2 फुटलेली, घरट्यापासून हातभर लांब. कवचाला मोठं भगदाड, कडेला सुकलेला बलक. पहाटे कुंपणाशी कोयोटी दिसतो (कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान), पण माझा संशय रॅकून नाहीतर स्कंकवर (दोन्ही इथले मांजराएवढे, रात्री अंडी चोरणारे प्राणी). कोयोटी आला असता तर मादीच उचलली असती ना?

उबवण 28 दिवसांची, अजून दहाएक दिवस आहेत. पुढेही पहिले दोनेक आठवडे पिलांना झाडावर बसता येत नाही, रात्र आईच्या पंखाखाली जमिनीवरच. खरी धास्ती तीच.

आई फोनवर म्हणते, "डालं टाक तिच्यावर!" आता रानपाखराला कसलं डालं?

सांडलेल्या दाण्यांवर हे प्राणी येतात म्हणून बर्ड फीडर उतरवलाय. भोवती जाळी लावली तर मादी घरटं सोडेल का? ट्रेल कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) किती लांब ठेवू? कुणी अनुभवलंय का?