आईसाठी फोन घ्यायचा आहे : किती वर्षं चालेल हे आधी कसं ओळखायचं?

भरतीओहोटी

नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे.

आई ६९ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आता राजापूर तालुक्यात आमच्या वाडीत एकटी राहते. मी ठाण्याला. तिचा फोन मीच २०१९ मध्ये घेऊन दिला होता. फोन धडधाकट आहे. काच शाबूत, आवाज स्पष्ट, बॅटरी एकदा बदलून झाली. पण नोव्हेंबरात तिच्या बँकेचं ॲप उघडेना. फोनची प्रणाली जुनी आहे एवढाच संदेश येतो, पुढे काही होत नाही. पेन्शन जमा झाली का हे बघायला ती एसटीने तालुक्याला शाखेत जाऊन आली. अख्खा दिवस त्यात गेला. हयातीच्या दाखल्यासाठी पुन्हा एक खेप. २०२१ पासून हा दाखला फोनसमोर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो, आणि गेली दोन वर्षं ती तसाच देत होती.

मला याचा मनापासून राग आला आहे. घरातला मिक्सर अकरा वर्षं चालतोय. ज्या फोनमध्ये काहीही बिघडलेलं नाही तो कंपनीने अपडेट द्यायचं थांबवलं म्हणून निकामी ठरतो, आणि विकत घेताना हे कोणी सांगत नाही.

तिला लागतं ते असं : व्हिडिओ कॉल, जुन्या सहशिक्षिकांचा व्हॉट्सॲप गट, विजेचं बिल, वाण्याचे पैसे, हयातीचा दाखला, संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन. बजेट १५ ते १८ हजार. दादाचं म्हणणं, हल्ली फसवणूक फार वाढली आहे, साधा बटणांचा फोन दे आणि मोकळी हो. मला ते पटत नाही, पण भीती मलाही वाटते. कोणी हे सगळं निभावलं असेल तर सांगा.

सोल्डरगन

ताई, माझं कोल्हापुरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, १४ वर्षं झाली. लोक फोन घेऊन झाल्यावर माझ्याकडे येतात, घेण्याआधी कोणी येत नाही. तुम्ही आधी विचारताय म्हणून सविस्तर लिहितो.

मॉडेल मनात आलं की राजापूरच्या किंवा रत्नागिरीच्या दुरुस्तीवाल्याला फोन करून एकच विचारा : या मॉडेलचा फोल्डर कितीला, आणि किती दिवसांत मिळेल? फोल्डर म्हणजे काचेसकट पूर्ण डिस्प्ले. उत्तर 'मागवावा लागेल, बघतो' असं आलं तर तो फोन गावात राहणाऱ्या माणसासाठी नाही. फोल्डरची किंमत फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर गेली तरी नको, कारण एकदा पडला की दुरुस्ती परवडत नाही आणि चांगला फोन कपाटात जातो. खपाचं मॉडेल घ्या. नवं, वेगळं, देखणं असं काही नको. खपाच्या मॉडेलचे सुटे भाग तालुक्यापर्यंत पोचतात.

कोकणात सगळ्यात आधी जातो तो चार्जिंग पॉइंट. खारी हवा, पावसाळ्यातला ओलावा, त्यात ओल्या हाताने पिन लावणं. आत हिरवट थर धरतो. सुईने खरवडू नका, पट्टी बदलून घ्या, ते काम मोठं नसतं. विजा कडकडायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि मागचं झाकण उचलल्यासारखं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणापासून चार्जिंग बंद. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. आईंचा जुना फोनही एकदा सपाट टेबलावर ठेवून बघा, डुगडुगतो का.

चिंचवडी

अपडेटबद्दल मी सांगतो. माझं काम याच क्षेत्रातलं आहे.

'सहा वर्षं अपडेट' ही वर्षं बहुतेक वेळा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. बहुतेक माणसं इथेच फसतात. दोन वर्षांपूर्वीचा फोन सेलमध्ये चार हजारांनी स्वस्त मिळतो तेव्हा त्याची दोन वर्षं आधीच संपलेली असतात. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, पण ते त्या नगाचं. मॉडेल कधी आलं ते वेगळं शोधावं लागतं.

गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं, सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ ला तेच केलं. ते महागडे फोन झाले. तुमच्या बजेटच्या आसपास बघायचं तर ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या सॅमसंगच्याच गॅलॅक्सी ए१६ ५जी ला सहा वर्षं सांगितली आहेत, म्हणजे २०३० पर्यंत. बाकी कंपन्यांचे याच किमतीचे फोन बघताना अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या किती आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं, हे दोन आकडे वेगवेगळे विचारा. आईंच्या दृष्टीने दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा.

कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलकडे बघूही नका. साठवण १२८ जीबी असू द्या, कारण व्हॉट्सॲप गटातले 'शुभ सकाळ'चे फोटो फोन भरून टाकतात.

लीड्सकर

इथे ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा लागू झाला आहे. इंटरनेटला जोडली जाणारी घरगुती वस्तू विकायची तर तिला सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळणार हे कंपनीला जाहीर करावं लागतं. किती वर्षं द्यायची ते कायदा ठरवत नाही, लपवू मात्र देत नाही. मी गेल्या वर्षी सासूबाईंसाठी टॅबलेट घेतला तेव्हा दोन मॉडेलची तारीख शेजारी शेजारी ठेवून ठरवलं.

युरोपीय संघ त्याच्याही पुढे गेला. २० जून २०२५ पासून तिथे विकायला येणाऱ्या फोनला, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट द्यावे लागतात आणि महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षं मिळावे लागतात. बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के धरून ठेवली पाहिजे. मोजायची सुरुवात विक्री थांबल्यापासून आहे हे लक्षात घ्या. चिंचवडींनी वर जी अडचण सांगितली तिच्यावरचं उत्तर त्यात आहे.

तळटीप

माहिती चांगली आहे, पण मी थोडं विरुद्ध बोलतो. पाच वर्षांचं बंधन घातलं की खर्च किमतीत येणार. आपल्याकडे आठ हजारांचा फोन घेणारा मोठा वर्ग आहे. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी मुलीच्या शिक्षणासाठी तसाच एक घेतला. तो दहा हजारांचा झाला असता तर त्यांनी घेतलाच नसता. युरोपचा नियम जसाच्या तसा इथे आणू नये.

भरतीओहोटी

@तळटीप, तुमचा मुद्दा मान्य आहे. पण त्या मावशींचाच विचार करा. तीन वर्षांनी त्यांच्या फोनवर बँकेचं ॲप बंद पडलं तर त्यांना पुन्हा आठ हजार घालावे लागतील. वर्षांची सक्ती राहू दे बाजूला, खोक्यावर तारीख तरी छापा. एमआरपी छापतात, उत्पादनाचा महिना छापतात, तशी एक ओळ : 'सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत'. त्याला खर्च शाईचा. ती तारीख वाचून आठ हजारांचा घ्यायचा की नाही हे मावशी स्वतः ठरवतील.

तळटीप

एवढ्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. वॉरंटी, सेवा केंद्र, सुटे भाग अशी माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी ही कल्पना उत्तम आहे, पण दुकानात उभं राहून पोर्टल कोण उघडणार? खोक्यावरच हवं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारीसोबत सूचना म्हणून हे सांगता येईल, मी सांगणार आहे.

उंबरठा

बँकेत ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. बटणांच्या फोनबद्दल लिहिते, कारण दादांची काळजी खोटी नाही, उपाय मात्र चुकीच्या जागी आहे.

मोठ्या रकमा जातात त्या बहुतेक बोलण्यातून जातात. 'मी पोलीस बोलतोय, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये बंदी असलेल्या वस्तू सापडल्या' हा फोन बटणांच्या फोनवरही येतो. ओटीपीचा एसएमएसही त्याच फोनवर येतो. माझ्या शेवटच्या वर्षी एक निवृत्त गृहस्थ मुदत ठेव मोडायला आले होते. हात थरथरत होते, कारण विचारलं तर सांगेनात. खिशात फोन चालू होता, पलीकडचा माणूस सगळं ऐकत होता. साधा फोन होता तो. मी त्यांना आत नेऊन पाणी दिलं, कागदावर लिहून विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. ठेव वाचली. म्हणून आईंना एक वाक्य पाठ असू दे : फोनवरून अटक करण्याची तरतूद भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. त्यांनी फोन ठेवायचा आणि तुम्हाला लावायचा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.

स्मार्टफोनवर वेगळा धोका आहे तो व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइलचा, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणाऱ्या फाइलचा. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, वीज तोडण्याची नोटीस अशा नावाने येते. उघडून बसवली की एसएमएस वाचायला लागते. सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप बसवणे' ही परवानगी व्हॉट्सॲपला आणि ब्राउझरला बंद करून ठेवा.

आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट : पेन्शनचं खातं यूपीआयला जोडूच नका. दुसरं बचत खातं काढा, त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे टाका, यूपीआय फक्त त्यावर. यूपीआय सर्कल नावाचीही सोय आहे. तुमच्या खात्यातून आईंना खर्च करायची मुभा देता येते, महिन्याला कमाल १५,००० आणि एका वेळी ५,०००. पण आयुष्यभर स्वतः कमावलेल्या बाईला मुलीच्या खात्यातून वाणसामान घ्यायला आवडेल का, ते त्यांनाच विचारा.

बटणांचा फोन ठेवायचाच असेल तर मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, इंटरनेटशिवाय चालतं, मर्यादा आता १०,००० रुपये. माझे दीर तेच वापरतात आणि खूष आहेत. पण त्यात नातवंडांचा चेहरा दिसत नाही.

सोल्डरगन

उंबरठाताईंच्या प्रतिसादाला अनुमोदन. एपीके बसवलेला फोन माझ्याकडे आठवड्याला एक तरी येतो. तशा वेळी आधी फोनचं इंटरनेट बंद करायचं, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं.

रात्रपाळी

संचार साथी ही सरकारची मोबाईलधारकांसाठीची सेवा पण सांगून ठेवा. फोन हरवला तर तिथून त्याचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिम आहेत ते कळतं. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस सरकारने ते ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकायला सांगितलं होतं आणि ओरड झाल्यावर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सक्ती मागे घेतली. मला सोय हवी आहे, सक्ती नको. वेबसाइटवरूनही काम होतं.

आगरकाठ

सगळं वाचलं. एक गोष्ट राहिली : आईंना विचारलंत का?

आम्ही माझ्या आईला, वय ७४, मोठ्या चिन्हांचा 'सोपा मोड' लावून दिला होता. तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'मला आजारी माणसाचा फोन दिलास.' काढला. अक्षरं दोन पायऱ्या मोठी केली, भाषा मराठी केली, कळफलकावर मराठी बोलून लिहायचं शिकवलं. आता ती मंडळाची इतिवृत्तं बोलून लिहिते.

आणि सिम कोणतं ते शेजाऱ्यांना विचारा, जाहिरातीला नाही. आमच्याकडे पडवीत एका कंपनीची रेंज येते आणि विहिरीजवळ दुसरीची. वाडीत फायबर आलं असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, घरातून कॉल तुटायचं बंद होतं.

भरतीओहोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी कळवते आहे.

विचारलं नव्हतं. आगरकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री विचारलं. आई म्हणाली, 'फोन मी निवडणार, पैसे मी देणार, तू नुसती बरोबर ये.' रत्नागिरीला गेलो. दुकानदार कॅमेऱ्याबद्दल सांगायला लागला तेव्हा तिने वर्गात विचारावं तसं विचारलं, 'याला अपडेट कधीपर्यंत मिळणार?' त्याला माहीत नव्हतं, पण त्याने कंपनीच्या साइटवर शोधलं. मग ती म्हणाली, बिलावर लिहून द्या. त्याने 'सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०३० पर्यंत, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे' असं लिहून सही केली. मागे उभ्या असलेल्या एका मुलानेही तेच मागितलं. फोल्डरची चौकशी राजापुरात आधीच केली होती, दोन दिवसांत मिळतो म्हणाले.

पेन्शनचं खातं यूपीआयपासून वेगळं केलं. नवं खातं पोस्टमनकाकांकडून पोस्टाच्या बँकेत काढलं, त्यात दरमहा ५,००० टाकायचं तिनेच ठरवलं. सर्कलला नाही म्हणाली, उंबरठाताई, तुमचा अंदाज बरोबर होता. अनोळखी ॲपची परवानगी बंद आहे. '१९३०' तिने कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे, दादाचा नंबर त्याच्या खाली.

जुना फोन टाकायला ती तयार नव्हती. त्यातलं सिम काढलं, बँकेचं ॲप आणि यूपीआय काढलं, आता तो वायफायवर फक्त कीर्तनासाठी देवघराशेजारी असतो. सोल्डरगन, टेबलावर ठेवून बघितला. डुगडुगत नाही.