मदत हवी आहे: बायपासआधी पायाच्या शिरेचं मॅपिंग, माप फार कमी येतंय

प्रश्न: सोनोग्राफीचा १२ मेगाहर्ट्झचा लिनियर प्रोब (त्वचेवर टेकवायचं सपाट टोकाचं यंत्र), रुग्ण उताणा. ग्रेट सॅफेनस (पायाच्या आतल्या बाजूने त्वचेखालून जाणारी लांब शीर) मांडीत २.६ मिमी, पोटरीत जेमतेम १.७. सर्जनना दोन ग्राफ्टपुरती (बायपाससाठी जोडायच्या दोन तुकड्यांपुरती) शीर हवी आहे. पोटरीचा भाग बाद धरायचा का? शिवाय जेलमुळे त्वचेवर मार्कर उमटत नाही, खुणा कशा करता?

प्रतिसाद १: एवढ्यात बाद करू नका. आडव्या पायातली शीर अर्धी रिकामी असते, त्यात एसी जोरात असेल तर आणखी आकसते. टेबल पायाकडून खाली कलवा किंवा रुग्णाला काठावर बसवून पाय खाली सोडा, वर पांघरूण घाला, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग मोजा. रिपोर्टमध्ये माप कुठल्या स्थितीत घेतलं ते लिहाच, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही.

हाताचा भारही तपासा. जेल सढळ हाताने घ्या, प्रोब नुसता टेकवा. आडव्या छेदात शीर चपटी दिसली तर बहुतेक वेळा तुम्हीच ती दाबताय. उभ्या छेदात मोजू नका, छेद मध्यातून गेला नाही तर माप कमीच येतं.

आणि मोजताय ती सॅफेनसच आहे ना? स्क्रीनवर शिरेच्या वर-खाली दिसणाऱ्या आवरणाच्या दोन पांढऱ्या रेषांमध्ये, डोळ्यातल्या बुबुळासारखी दिसते तीच. गुडघ्याच्या आसपास ती कधीकधी बारीक होते आणि रक्त रेषेबाहेरच्या, त्वचेलगतच्या फाट्यातून जातं. तो फाटा जाड असेल तर त्याचंही माप द्या.

प्रतिसाद २: साधारण ३ मिमी किंवा जास्त असेल तर निर्धास्त. २ ते २.५ ही बहुतेकांची खालची मर्यादा, पण शेवटचा शब्द सर्जनचा. फुगून वेडीवाकडी झालेली शीरही चालत नाही. नुसत्या मापावर जाऊ नका: दर दोन-तीन सेंमीवर दाबून बघा. पूर्ण मिटली नाही तर गुठळी. भिंत जाड, चकाकती दिसली तर जुनी सूज. अशी शीर बाहेरून ३ मिमी भरते, आत पोकळी नसते. खोल शिराही बघा. त्या बंद असतील तर पायातलं रक्त सॅफेनसवरच वर चढत असतं, ती काढली की पाय सुजतो.

एका ग्राफ्टला १५-२० सेंमी धरा. सलग चांगला तुकडा किती, ते लिहा. कमी पडला तर दुसरा पाय, मग पोटरीमागची स्मॉल सॅफेनस.

खुणांसाठी: पाय ऑपरेशनला ठेवतात तसाच ठेवा, मांडी बाहेर वळवून, गुडघा किंचित दुमडून. सरळ पायावर केलेली खूण नंतर सरकते, स्थूल मांडीत तर फारच. शीर स्क्रीनच्या मध्यावर आणा, प्रोबच्या मध्याशी स्ट्रॉचं टोक त्वचेवर दाबा. गोल वळ उठतो. जेल पुसा, वळ मार्करने जोडा. फाट्यांना आडव्या रेघा. दुर्बिणीने काढणार असतील तर त्वचेपासूनची खोलीही लिहा.

प्रश्नकर्ता: पाय खाली सोडल्यावर पोटरीत २.४ आली! पण मध्ये आठ सेंमीपर्यंत दोन समांतर शिरा दिसतात, दोन्ही रेषांच्या आतच.

प्रतिसाद १: म्हणजे तिथे शीर दुहेरी आहे. दोन्हींची मापं द्या, कुठे फुटतात आणि कुठे पुन्हा मिळतात ते घोट्यापासून सेंमीत लिहा. त्वचेवर जाड शिरेसाठी अखंड रेघ, बारीक शिरेसाठी तुटक.