मदत हवी आहे : १८५० च्या तडजोडीला उत्तरेने मत का दिलं?

अमेरिकेतल्या गुलामगिरीवर वाचतेय. १८२० ची मिसूरी तडजोड समजते: मिसूरी गुलामीचं राज्य, मेन मुक्त, बाकी प्रदेशासाठी ३६ अंश ३० मिनिटांची अक्षांश रेषा, तिच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी. पण १८५० चं गणित काही केल्या बसत नाही. कॅलिफोर्निया मुक्त राज्य झालं, आणि त्याच सौद्यात पळून आलेल्या गुलामांना पकडून देण्याचा कडक कायदा! अशा प्रकरणांचा निकाल देणाऱ्या सरकारी आयुक्ताने माणूस मालकाच्या हवाली केला तर फी १० डॉलर, सोडला तर ५. वाचून अंगावर काटा आला. उत्तरेच्या ज्या खासदारांनी याला मत दिलं, त्यांनी मतदारांना काय सांगितलं? नुसती देश फुटण्याची भीती, की कापसाचा व्यापारही? १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती रेषाच पुसणाऱ्या सिनेटर स्टीफन डग्लसमागे हीच मंडळी होती का? अभ्यास असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.