‘आमची भिंत’ की ‘आपली भिंत’? कम्युनिटी आर्टला मराठीत काय म्हणावं?

विचारणा

लंडनच्या ईस्ट एंड भागात केबल स्ट्रीटवर एक मोठं भित्तिचित्र आहे. त्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. ‘कम्युनिटी आर्ट’ (तिथल्या लोकांना सोबत घेऊन केलेली कला) आणि ‘बिलाँगिंग’ (आपण इथलेच आहोत असं वाटणं) या दोन शब्दांपाशी अडले आहे.

आधी चित्राविषयी सांगते. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी ओस्वाल्ड मोस्लीच्या फॅसिस्ट संघटनेचा मोर्चा या भागातून जाणार होता. ज्यू कारागीर, आयरिश गोदी कामगार, कम्युनिस्ट, आसपासच्या बायका, सगळे रस्त्यावर उतरले आणि अडथळे रचून वाट अडवली. पोलिसांशी झटापट झाली आणि शेवटी मोर्चा वळवावा लागला. चाळीसएक वर्षांनी तिथल्या सेंट जॉर्जेस टाउन हॉलच्या भिंतीवर हा प्रसंग रंगवायला घेतला गेला. सुरुवात डेव्ह बिनिंग्टन यांनी केली. १९८२ मध्ये चित्रावर फॅसिस्ट घोषणा फासल्या गेल्या आणि बिनिंग्टन बाजूला झाले. मग पॉल बटलर, रे वॉकर आणि डेझमंड रॉशफर्ट यांनी १९८३ मध्ये काम पुरं केलं.

पण तोवर तिथली माणसं बदलली होती. बरीचशी ज्यू कुटुंबं दुसरीकडे राहायला गेली होती आणि बांगलादेशातल्या सिल्हेटकडून आलेली बंगाली कुटुंबं तिथे नांदत होती. मग हे चित्र कोणाचं? माझा लेख या प्रश्नाभोवती आहे. ‘सामाजिक कला’ असं लिहून पाहिलं, पण पटलं नाही.

प्रतिसाद, पुण्याहून

‘सामाजिक कला’ नकोच. ते वाचलं की हुंडाबळी किंवा व्यसनमुक्तीवरचं पथनाट्य डोळ्यांपुढे येतं, म्हणजे संदेश देणारी कला. ‘समाजकला’ तर त्याहून अवघड. मराठीत ‘आमच्या समाजात असं चालत नाही’ म्हणताना ‘समाज’ म्हणजे बहुतेक वेळा जात. जातीपातींच्या पलीकडे जाऊन केलेल्या कामाला तो शब्द लावणं बरं नाही.

‘लोककला’ही इथे बसत नाही. भारूड, दशावतार, वारली चित्रं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत, त्यांचे संकेत ठरलेले आहेत. केबल स्ट्रीटच्या भिंतीमागे परंपरा नाही, ठरवून केलेलं काम आहे.

उरतात तीन शब्द: सार्वजनिक, सामूहिक, सामुदायिक. ‘सामूहिक’ला वर्तमानपत्रांनी फार दुखवलंय. राजीनामे, आत्महत्या, अत्याचार यांच्या बातम्यांत तो इतका वापरला गेला की कलेच्या शेजारी ठेवायला मन धजत नाही. ‘समूहगान’मध्ये तो टिकून आहे, तेवढंच.

‘सार्वजनिक’ या शब्दाबद्दल मला फार आस्था आहे. पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा निघाली, तिच्यासाठी झटणारे गणेश वासुदेव जोशी ‘सार्वजनिक काका’ म्हणूनच ओळखले गेले. १८९० च्या दशकात घरातला गणपती चौकात आला तेव्हा त्यालाही हाच शब्द लागला. आणि तो शोभला, कारण वर्गणी घरोघरची होती, आरास करणारे हात गल्लीतले होते. पुढे मात्र सार्वजनिक नळ, सार्वजनिक शौचालय, सार्वजनिक बांधकाम विभाग अशी त्याची वाटचाल झाली. आज ‘सार्वजनिक भिंत’ म्हटलं की जिच्यावर कोणीही थुंकावं अशी भिंत वाटते. सगळ्यांची म्हणता म्हणता ती कोणाचीच राहिली नाही. पालिकेने चित्रकार नेमून उड्डाणपुलाचे खांब रंगवून घेतले, तर ती सार्वजनिक कला. ती सुंदर असू शकते, पण खालच्या फेरीवाल्याला कोणी काही विचारलेलं नसतं.

म्हणून माझं मत ‘सामुदायिक’ला. सामुदायिक विवाह, सामुदायिक शेती, सामुदायिक प्रार्थना: सगळीकडे ‘एकत्र येऊन केलेलं’ हा अर्थ शाबूत आहे. विदर्भात तुकडोजी महाराजांमुळे सामुदायिक प्रार्थना गावागावांत पोचली, त्यामुळे शब्द सरकारी असला तरी कोरडा वाटत नाही. ‘सामुदायिक भित्तिचित्र’ लिहा आणि ते कसं झालं हे पुढच्याच वाक्यात सांगा. लोकांच्या आठवणी विचारल्या का, जुने फोटो जमवले का? तो तपशील नसेल तर कुठलाही शब्द पोकळ राहील.

विचारणारीचा खुलासा

हो, आठवणी विचारल्या होत्या. बिनिंग्टन यांनी १९३६ पाहिलेल्या लोकांशी बोलून आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रांतले फोटो पाहून आराखडा केला होता.

प्रतिसाद, सोलापूरहून

‘बहुसांस्कृतिक परिसर’ असं लिहू नका, एवढी विनंती. परिसर शाळेचा असतो, देवळाचा असतो. त्यात माणसं राहतात असं ऐकू येत नाही. आमच्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं एकमेकांना लागून आहेत, आणि त्याला आम्ही सरळ ‘मिश्र वस्ती’ म्हणतो. ‘अठरापगड वस्ती’ही चालेल. पगड्या जातींच्या होत्या हे खरं, पण बोलताना आता भाषा, धर्म, प्रांत सगळंच त्यात येतं.

मुंबई-पुण्यात ‘वस्ती’ म्हटलं की झोपडपट्टी समजतात. तेवढ्यासाठी हा शब्द सोडू नये. वाडी-वस्तीतली वस्ती, ‘रात्री वस्तीला थांबलो’ मधली वस्ती, सगळी राहण्याशीच बांधलेली आहे. आळी आणि वाडा हे शब्द धंद्यावरून, जातीवरून पडलेले (तांबट आळी, कुंभारवाडा), आणि मोहल्ला म्हटलं की बहुतेकांना मुसलमानांचाच आठवतो. सगळ्यांना पुरेल असा शब्द ‘वस्ती’च.

प्रतिसाद, रत्नागिरीहून

लेखात एक धागा घेता आला तर घ्या. लंडनच्या त्या गोदी भागात बंगाल्यांच्या जोडीने कोकणातले खलाशीही मुंबईहून जहाजांवर चढून उतरत असत. खलाशांच्या मुकादमाला ‘सारंग’ म्हणत; आमच्याकडे सारंग आणि तांडेल ही आडनावं आजही आहेत. अशा आशियाई खलाशांसाठी लाइमहाउसमध्ये १८५७ साली एक वसतिगृह उघडलं, त्याचं नावच ‘परक्यांचं घर’ अशा अर्थाचं होतं. आसरा दिला, पण पाटीवर परकेपणा लिहून दिला. तुमच्या ‘बिलाँगिंग’ची उलटी बाजू ती हीच.

प्रतिसाद, बडोद्याहून

‘बिलाँगिंग’साठी ‘आपुलकी’ आणि ‘आपलेपणा’ सरसकट एकमेकांच्या जागी वापरतात, पण मला फरक जाणवतो. आपुलकी दुसरा आपल्याला दाखवतो. पाहुण्यालाही ती मिळते. आपलेपणा आपल्याला आतून वाटावा लागतो. आणि तो वाटायला थोडा हक्क लागतो, ‘हक्काचं घर’ म्हणतो तेव्हाचा. कोपनहेगनच्या नॉरब्रो भागात २०१२ मध्ये सुपरकिलेन नावाचं उद्यान झालं. तिथल्या निरनिराळ्या देशांतून आलेल्या रहिवाशांनी आपापल्या मुलखातल्या वस्तू सुचवल्या. त्यामुळे तिथे मोरोक्कोचं कारंजं आहे, थाई मुष्टियुद्धाचं रिंगण आहे, जपानी ऑक्टोपसची घसरगुंडी आहे. प्रत्येक वस्तूपाशी जमिनीत पट्टी बसवली आहे, डॅनिशमध्ये आणि त्या त्या देशाच्या भाषेत. स्वतःची लिपी सरकारी अक्षरांच्या बरोबरीने दिसणं, यात आपुलकीपेक्षा हक्क जास्त आहे.

या जागी मराठी फार उपयोगी पडते. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. गुजरातीत अमे-आपणे, तेलुगूत मेमु-मनम असा हाच भेद आहे. हिंदीत आणि इंग्रजीत एकाच शब्दावर भागवावं लागतं. ज्यू म्हातारा बंगाली पोराला चित्र दाखवत म्हणाला, ‘ही आमची लढाई’, तर पोरगा प्रेक्षक. ‘ही आपली लढाई’ म्हणाला, तर तो त्यातला. आणि त्या पोराच्या घरच्यांनीही रस्त्यावर मार खाल्लेला होता: ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या तरुण कापड कामगाराचा व्हाइटचॅपलमध्ये वंशद्वेषातून खून झाला, त्यानंतर हजारो बंगाली मोर्चात उतरले. त्याच्या नावाची बाग तिथे आहे. १९८३ मध्ये १९३६ ची लढाई भिंतीवर पुरी झाली तेव्हा ती बंगाली वस्तीला जुनी वाटण्यासारखी नव्हती.

‘बिलाँगिंग’ला एकच प्रतिशब्द शोधू नका. जिथे भावना सांगायची तिथे ‘आपलेपणा’, जिथे जागेशी नातं सांगायचं तिथे ‘इथलेपण’. ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न ज्यांना जन्मभर विचारला जातो, त्यांना ‘इथलेपण’ लगेच कळेल.

विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘सामुदायिक भित्तिचित्र’, ‘मिश्र वस्ती’ आणि ‘आपलेपणा’ घेते आहे. शेवटचं वाक्य असं केलं आहे: ‘ज्यांचे आजोबा त्या दिवशी केबल स्ट्रीटवर नव्हते, ती मुलं रोज या भिंतीवरून शाळेत जातात, भिंत आता त्यांची आहे.’

प्रतिसाद, बडोद्याहून

दोन दुरुस्त्या. ‘भिंतीवरून’ नको, मुलं भिंतीवर चढून चालल्यासारखी वाटतात, ‘भिंतीसमोरून’ करा. आणि ‘त्यांची आहे’ ऐवजी ‘त्यांचीही आहे’. ‘ही’ लावला की आधीच्यांचा वाटा कमी होत नाही.