न्यूरोप्रोटेक्शन: संरक्षण, राखण की आणखी काही?

वेलांटी

पक्षाघातानंतर मेंदूचा किती भाग वाचवता येतो आणि गेलेलं काम त्याला पुन्हा कसं शिकवता येतं, यावरच्या संशोधनाची ओळख करून देणारी एक छोटी पुस्तिका लिहिते आहे. वाचणार ती रुग्णाच्या घरची माणसं. पहिल्याच परिच्छेदात अडले. 'न्यूरोप्रोटेक्शन', म्हणजे पक्षाघात झाल्यावर मेंदूच्या पेशी मरू नयेत म्हणून केलेले उपाय. त्यासाठी मी 'चेतासंरक्षण' लिहिलं होतं. कच्चा खर्डा एका मावशींना वाचायला दिला. त्यांच्या घरातच रुग्ण आहे. वाचून त्यांनी विचारलं, "म्हणजे हे औषध घेतलं की परत झटका येत नाही, असंच ना?"

असं मुळीच नाही. पण चूक त्यांची नाही, शब्दाची आहे. 'संरक्षण' म्हटलं की घाव बसायच्या आधीची तजवीज डोळ्यांसमोर येते: लस, हेल्मेट, कुंपण. इथे घाव बसून गेलेला असतो. 'राखण' मनात आलं होतं, पण राखणदारही चोर यायच्या आधीच उभा असतो. दुसरं काही सुचतं का?

अनुस्वार

उत्तरपदाचं नंतर बघू, आधी पूर्वपद. 'चेता' शाळेच्या पुस्तकात ठीक आहे. चेतापेशी, चेतासंस्था हे शब्द मुलांना पाठ असतात. मोठ्यांना मात्र 'मज्जासंस्था' आणि 'मज्जातंतू' आठवतात, आणि तिथे घोटाळा होतो, कारण मज्जा मुळात हाडांच्या पोकळीतली. अस्थिमज्जा वेगळी, मज्जारज्जू वेगळा, आणि दोन्हींत शब्द एकच. 'मज्जासंरक्षण' लिहिलंत तर निम्मे वाचक हाडांच्या डॉक्टरकडे जातील.

सरळ 'मेंदू' लिहा. ते नुसतं सोपं नाही, अचूकही आहे. वाचवायच्या असतात त्या फक्त चेतापेशी नव्हेत. त्यांना आधार देणाऱ्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्याही त्यात येतात. म्हणून काही संशोधकही अलीकडे 'न्यूरो' सोडून 'सेरेब्रोप्रोटेक्शन' म्हणू लागले आहेत.

रफार

आणखी मागे जा, 'झटका'पाशी. झटका हृदयाचा असतो, आकडी आली तरी लोक झटकाच म्हणतात, आणि मेंदूचाही झटकाच. फोनवर "झटका आलाय" एवढंच ऐकू आलं तर समोरच्याने काय समजायचं? 'लकवा' अरबीतून आला, तिथे तो तोंड वाकडं होण्यापुरता. 'अंगावरून वारं गेलं' यात तर कुणाचा दोषही नाही आणि घाईही नाही. वारं आलं नि गेलं.

'अर्धांगवायू' आणि 'पक्षाघात' दोन्ही परिणामाची नावं. पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू. पण एखाद्याचा हातपाय शाबूत राहतो आणि फक्त बोलणं जातं, किंवा अर्धी नजर जाते, किंवा तोल जातो. तोही स्ट्रोकच. घरचे म्हणतात, "अंग तर हलतंय, मग पक्षाघात कसा?" आणि सकाळपर्यंत थांबतात.

वेलांटी

हे मोलाचं आहे. पुस्तिकेच्या शीर्षकात 'पक्षाघात' आहे, त्याचा विचार पुन्हा करते. पण मावशींचा प्रश्न तसाच आहे.

काना

मी याच शाखेत काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याला नाव द्यायचंय ते नेमकं कशाला, हे आधी बघू. मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळतं. गुठळी अडकली आणि हा पुरवठा २० च्या आसपास उतरला, की पेशी काम थांबवतात, पण मरत नाहीत. १० च्या आसपास किंवा त्याखाली गेला, की पेशीच्या पडद्यावरची क्षारांची ने-आणच कोलमडते आणि पेशी फार वेळ जगत नाही. या दोन आकड्यांच्या मधला जो पट्टा, त्याला पेनम्ब्रा म्हणतात. मधला गाभा गेलेला, भोवतीचा पट्टा गप्प पण जिवंत. आस्त्रुप, सीश्यो आणि सायमन या संशोधकांच्या १९८१ च्या लेखाच्या शीर्षकातच हा शब्द आहे. त्यांनी तो खगोलशास्त्रातून उचलला आणि तिथे तो केप्लरचा, १६०४ मधला. लॅटिनमध्ये अर्थ 'जवळजवळ सावली'.

आपल्याकडे ग्रहणांमुळे हे शब्द तयार आहेत: गडद भाग प्रच्छाया, भोवतीचा फिका भाग उपच्छाया. मला स्वतःला पंचांगातला 'छायाकल्प' जास्त आवडतो. छायाकल्प चंद्रग्रहणात चंद्र थोडासा मंदावतो, नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. पेनम्ब्राचंही तसंच. पहिल्या तासांत साध्या सीटी स्कॅनवर तो नीट दिसत नाही, रक्तप्रवाह मोजणारी वेगळी तपासणी लागते. फरक एवढाच, की ग्रहण आपोआप सुटतं. इथे रक्तवाहिनी उघडली नाही, तर उपच्छायेची प्रच्छाया होत जाते. मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये याचा हिशेब मांडला: मोठी वाहिनी बंद झालेल्या नमुनेदार रुग्णात उपचार न झाल्यास मिनिटाला १९ लाख चेतापेशी जातात.

आता तुमच्या शब्दाकडे. वाहिनी उघडणं हे एक काम. त्यासाठी गुठळी विरघळवणारं औषध आहे; १९९५ च्या चाचणीने त्याला ३ तासांची मुदत दिली, २००८ च्या चाचणीने ती ४.५ तासांवर नेली. नळी घालून गुठळी ओढून काढणं २०१५ पासून पक्कं झालं. २०१८ मध्ये, तपासणीत जिवंत पट्टा शिल्लक दिसत असेल तर गुठळी ओढून काढण्याची मुदत काही रुग्णांत २४ तासांपर्यंत गेली. यातल्या कशालाही न्यूरोप्रोटेक्शन म्हणत नाहीत. न्यूरोप्रोटेक्शन म्हणजे वाहिनी उघडेपर्यंत त्या पट्ट्याला तग धरायला मदत करणं.

रोप सुकायला लागलंय, पाणी यायला अवकाश आहे, तोवर त्याच्यावर सावली धरायची. सावली म्हणजे पाणी नव्हे. आणि पाणी आलंच नाही, तर सावली किती पुरणार?

अनुस्वार

'तग' झकास. पण त्याची रूपं कशी करणार? 'न्यूरोप्रोटेक्टिव्ह ड्रग' म्हणजे 'तगकारक औषध'? खोकल्याच्या काढ्याचं नाव वाटतं.

रफार

'तगवणे' आहे की! पेशी तगवणं, तगवणारं औषध. नाम हवं तर 'तगवण'. साठवण, आठवण असतील तर तगवण का नको?

अनुस्वार

मान्य. फक्त याचा 'तगाई'शी संबंध जोडू नका. तगाई शेतकऱ्याला मिळणाऱ्या कर्जाची आणि ती अरबी 'तकावी'वरून आलेली. (कुणीतरी जोडणारच होतं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.)

वेलांटी

काना, मग अशी तगवणारी औषधं मिळतात का? पुढचं पान त्यावरच आहे, आणि तिथे 'आशादायक' हा शब्द सात वेळा आलाय.

काना

सातही काढा.

२००६ मध्ये काही संशोधकांनी तीव्र पक्षाघातासाठी तपासल्या गेलेल्या उपायांची मोजदाद केली. आकडा निघाला १,०२६. त्यातले कितीतरी उंदरांमध्ये उत्तम चालले होते. एनएक्सवाय-०५९ नावाच्या रेणूची पहिली मोठी चाचणी २००६ मध्ये यशस्वी ठरली, दुसरी त्याहून मोठी २००७ मध्ये साफ फसली. मॅग्नेशियम तर रुग्णवाहिकेतच, पहिल्या दोन तासांत देऊन पाहिलं, १,७०० रुग्णांत. २०१५ मध्ये निकाल आला: फरक नाही. नेरिनेटाइड नावाचं औषध गुठळी काढताना दिलं, २०२० मध्ये निकाल: एकंदर रुग्णांत फायदा नाही. ज्यांना गुठळी विरघळवणारं औषध मिळालं नव्हतं त्यांच्यात काहीसा फायदा दिसला. ते विरघळवणारं औषधच नेरिनेटाइड मोडून टाकत असावं, असा अर्थ लावला गेला. जपानमध्ये एडारावोन हे असंच एक औषध २००१ पासून वापरात आहे, पण जगभर ते स्वीकारलं गेलेलं नाही.

असं का होतं याची कारणं साधी आहेत. प्रयोगशाळेतला उंदीर तरुण, धडधाकट, त्याची वाहिनी कधी बंद केली ते मिनिटासकट माहीत. माणूस साठीचा, मधुमेह नि रक्तदाब असलेला, आणि त्रास कधी सुरू झाला हे त्यालाच सांगता येत नाही. शिवाय औषध पोचायचा रस्ता तोच आणि तोच बंद! वाहिनी खात्रीने उघडता यायला लागल्यापासून जुनी औषधं नव्याने तपासावीत असं वाटू लागलंय, ते म्हणूनच.

तेव्हा 'तपासली जात आहेत' लिहा. 'आशादायक' लिहिलंत की लोक दुकानात मागायला जातात. एका रुग्णाच्या मुलाने महिनाभर महागडी 'मेंदूची' इंजेक्शनं आणलेली मी पाहिली आहेत, कारण कुणीतरी चिठ्ठीवर संरक्षण हा शब्द लिहिला होता.

रफार

आता माझ्या प्रांतात येऊ, मी फिजिओथेरपी करते. 'रिकव्हरी'ला तुम्ही काय लिहिलंय? 'पुनर्प्राप्ती' लिहिलं असेल तर ते बँकेच्या नोटिशीतलं वाटतं.

वेलांटी

पुनर्प्राप्तीच लिहिलंय. चार ठिकाणी.

रफार

काढा. पण नुसतं 'बरं होणं'ही पुरत नाही, कारण यात दोन गोष्टी मिसळतात आणि संशोधनातला अर्धा वाद तिथेच आहे. उजव्या हाताने पेला पूर्वीसारखा उचलता आला, तर ते परत येणं. उजवा खांदा उचकून, कंबर वळवून, कसाबसा उचलला, किंवा सगळं डाव्या हाताने करायला शिकला, तर ती भरपाई. मराठीत याला आणखी घरगुती शब्द आहे, 'भागवणं'. "डाव्याने भागवतो" असं रुग्ण आपणहून म्हणतात. भागवणं वाईट नव्हे. पण हात परत आला असं समजून मोजलं, तर औषधाने काम केलं की सवयीने, हे कळणार नाही.

'न्यूरोप्लास्टिसिटी'ला कृपा करून 'लवचीकता' म्हणू नका. लवचीक वेत वाकवून सोडला की पुन्हा सरळ होतो. भौतिकशास्त्रात ती स्थितिस्थापकता. प्लास्टिसिटी म्हणजे नेमकं उलट, दिलेला आकार धरून ठेवणं: आकार्यता. हा शब्द अचूक आहे, पण पुस्तिकेत जड होईल. मी रुग्णांना सांगताना 'वळण' म्हणते. अक्षराला वळण लागतं, पाण्याला वळण देतात, मुलाला वळण लावतात. रोज तेच केलं की मेंदूत तसं वळण पडतं. चांगलं पडतं तसं वाईटही, आणि हे 'लवचीकते'त येतच नाही.

वाईट वळणाचं उदाहरण: अशक्त हाताने दोनदा प्रयत्न फसले की माणूस तो हात वापरणंच सोडतो. थोडी ताकद आली तरी वापरत नाही. पुस्तकात याला 'शिकलेला अनुपयोग' लिहिलेलं पाहिलं, वाचून हसू आलं. आम्ही म्हणतो, हात मोडला नाही, मोडीत काढला. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी यावर उपाय मांडला: धडधाकट हात जाडजूड मोज्यात अडकवायचा आणि अशक्त हाताकडून तासन्‌तास कामं करून घ्यायची. २००६ च्या मोठ्या चाचणीत तो उपयोगी ठरला. अट एवढीच की मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता यायला हवीत.

अनुस्वार

'मोडीत काढला' पुस्तिकेत घ्याच.

रफार

आणि 'लवकर' या शब्दाला जपा. "जितक्या लवकर तितकं चांगलं" हे वाहिनी उघडण्याबद्दल खरं आहे. अंथरुणातून उठवण्याबद्दल तसंच्या तसं नाही. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच वारंवार, जास्त वेळ उठवलेल्या रुग्णांची स्थिती तीन महिन्यांनी नेहमीच्या पद्धतीपेक्षा थोडी कमीच चांगली निघाली. म्हणून तिथे 'डॉक्टर सांगतील तेव्हा, थोडं थोडं' असं लिहा.

काना

औषधांचंही असंच. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध हाताच्या हालचालीला मदत करतं असं २०११ च्या छोट्या चाचणीत दिसलं. नंतरच्या तीन मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं.

वेलांटी

सगळ्यांचे आभार. पहिला परिच्छेद असा केला:

"मेंदूला रक्त पोचवणारी वाहिनी बंद झाली की मधला भाग लगेच जातो, भोवतालचा भाग काही वेळ तग धरून असतो. डॉक्टरांचं पहिलं काम वाहिनी उघडण्याचं. ती उघडेपर्यंत हा भाग तगवता येईल का, हे औषधांवरचे संशोधक शोधत आहेत. अशी सगळीकडे मान्य झालेली औषधं अजून नाहीत. पुढचं काम सरावाचं: जे परत येईल ते आणायचं, नाही त्याचं भागवायचं."

मावशींना पुन्हा दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "तग किती वेळ धरतो?"

काना

कुणाचा अर्धा तास, कुणाचा दिवसभर. शेजारच्या वाहिन्यांतून आडवाटेने किती रक्त येतं त्यावर आहे. 'आडवाट' हाही शब्द घ्या, 'कोलॅटरल'ला मराठीत दुसरं काही शोधत बसू नका.

अनुस्वार

'नाही त्याचं भागवायचं' अर्धवट वाटतं. 'जे येणार नाही त्याचं' करा. आणि शीर्षकाचं काय ठरलं?

वेलांटी

'पक्षाघात' ठेवलाय, खाली लगेच ओळ टाकली: 'हातपाय चालत असले तरी बोलणं, नजर किंवा तोल अचानक गेला, तरी तो हाच आजार.' 'झटका' सगळीकडून काढला. पान ९ वर एक राहिलाय, तो मावशींच्या तोंडचा आहे, तो ठेवते.