मदत हवी आहे: सेंट पॉलच्या राँडोसारखी आणखी स्मारकं कुठे आहेत?

नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे (आम्ही मिनेसोटात असतो). शाळेत 'पुसल्या गेलेल्या वस्तीचं स्मारक' असा प्रकल्प दिलाय आणि तिने राँडो निवडलंय. सेंट पॉलमधली ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती. १९५० आणि ६० च्या दशकांत आय-९४ महामार्ग थेट तिच्या पोटातून गेला आणि शेकडो कुटुंबांची घरं गेली. २०१५ मध्ये महापौरांनी जाहीर माफी मागितली.

शनिवारी २०१८ साली उघडलेला राँडो स्मृती चौक बघून आलो. जागा छोटीशीच. महामार्गावरूनही दिसेल असा उंच खांब, आणि वाऱ्यावर किणकिणणाऱ्या नळ्या. पण खाली ट्रकांची घरघर इतकी, की नळ्या ऐकायला कान द्यावा लागतो. मला तर तेच खरं स्मारक वाटलं! सासऱ्यांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलंय. ते कठड्याला धरून बराच वेळ उभे होते, मग एवढंच म्हणाले, "इथं निदान खांब तरी उभा केला."

आता विचारायचं ते असं: नुसती पाटी नको, भित्तिचित्र, शिल्प, आवाज, काहीतरी कलाकृती असलेली अशी ठिकाणं कोणी स्वतः पाहिली आहेत का? कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या आफ्रिकव्हिलला (तीही अशीच पुसली गेलेली कृष्णवर्णीयांची वस्ती) पाडलेल्या चर्चची प्रतिकृती उभारून त्यात संग्रहालय केलंय, एवढं माहीत आहे. तिथे कोणी गेलं असेल तर आत काय बघायला मिळतं ते सांगाल का? स्वतः काढलेले फोटो असतील तर फारच बरं. प्रकल्प पुढच्या शुक्रवारी द्यायचाय आणि घरात अजून नुसता पुठ्ठा आणि डिंक आहे.