प्रतिसाद: वजनं आणि खुंटणारी उंची

वजनं उचलली की मुलांची उंची खुंटते, असं वर दोघांनी लिहिलंय. हा समज जुना आहे, पण त्याला पुरावा नाही. हाडांच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा (जिथून हाड लांब होतं तो मऊ भाग) नाजूक असते हे खरं. ती दुखावते ती बहुधा चुकीच्या पद्धतीने किंवा देखरेखीशिवाय जड वजनाशी झटल्याने. आणि झाडावरून उडी मारून उतरताना गुडघ्यांवर येणारा भार हलक्या डंबेलपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्याला कुणी अडवत नाही!

वयात येण्याआधी टेस्टोस्टेरॉन (स्नायू वाढवणारं संप्रेरक) अगदी कमी, म्हणून दंड फुगत नाहीत. तरी ताकद वाढते, कारण मेंदू आणि नसा जास्त स्नायूतंतू एकदम कामाला लावायला शिकतात. माझ्या भाचीचंच बघा. नऊ वर्षांची. जोर काढताना कंबर झोळीसारखी लोंबायची. दीड-दोन महिन्यांत पाठ फळीसारखी सरळ, दंड मात्र तेवढेच काडीसारखे.

आठवड्यातून 2-3 दिवस, मध्ये सुट्टी, 8 ते 15 वेळा सहज जमेल एवढंच वजन. बैठका मारताना आठव्या वेळी गुडघे आत वळायला लागले की थांबवायचं, ‘अजून दोन’ म्हणायचं नाही. मुलगा-मुलगी असा फरक या वयात करायची गरज नाही, ताकद जवळपास सारखीच असते.